कोल्हापुरातील हिवाळी पक्षीगणना : जागा निवडण्यापासून नोंद पाठवण्यापर्यंत

हिवाळी पक्षीगणनेत उतरणाऱ्या नवख्या गटाची पहिली चिंता बहुधा पक्षी ओळखता येतील की नाही ही असते. ती चिंता रास्त आहे, पण दुय्यम आहे. गणनेचे मोल किती जाती दिसल्या यावर ठरत नाही. त्याच जागी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने पुढच्या वर्षी पुन्हा मोजता येईल का, यावर ते ठरते. रंकाळ्यावर एका सकाळी चाळीस जाती पाहून आलेल्या जाणकाराच्या आठवणींपेक्षा, दरवर्षी जानेवारीत ठरलेल्या सहा ठिकाणी उभे राहून पंधराच जाती नीट मोजणाऱ्या गटाची वही दहा वर्षांनी अधिक उपयोगी पडते. पुढील सर्व सूचना याच एका सूत्राला धरून आहेत.

गणनेसाठी हिवाळाच का, हे आधी समजून घ्यावे. उत्तरेकडून येणारे बदके, तुतवार, धोबी, भिंगऱ्या, भोरड्या हे पाहुणे सप्टेंबरपासून येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मधल्या काळात, विशेषतः जानेवारीत, ही ये-जा बरीचशी थांबलेली असते आणि पक्षी आपापल्या जागी स्थिरावलेले असतात. त्यामुळे त्या महिन्यात मिळणारा आकडा वर्षानुवर्षे तुलना करण्याजोगा असतो. पाणपक्ष्यांची आशियाई गणना याच कारणाने दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होते. ती १९८७ मध्ये भारतीय उपखंडातून सुरू झाली आणि आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व वेटलँड्स इंटरनॅशनल या संस्था तिच्याशी निगडित आहेत. स्वयंसेवकांनी पक्षी मोजण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. नाताळात बंदुका घेऊन पक्ष्यांची शिकार करण्याच्या अमेरिकेतील चालीला पर्याय म्हणून पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली पक्षी मारण्याऐवजी मोजण्याचे आवाहन केले, आणि त्या वर्षी सत्तावीस जणांनी पंचवीस ठिकाणी मोजणी केली. ती गणना आजही चालू आहे. इतक्या दीर्घ काळाची आकडेवारी हातात असल्यामुळेच तिकडचे अभ्यासक कोणता पक्षी उत्तरेकडे सरकला आणि कोणता विरळ झाला हे ठामपणे सांगू शकतात.

फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस चालणारी जागतिक अंगणपक्षी गणना हा नवशिक्यांसाठी सोपा दरवाजा आहे. भारतात ती २०१३ पासून होते, तिच्यात किमान पंधरा मिनिटे निरीक्षण करून यादी पाठवायची असते, आणि घराची गच्ची किंवा कॉलेजचे आवारही तिला चालते. आपल्या राज्यात मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्याचा वापर नवे सभासद जमवण्यासाठी आणि सरावासाठी करावा. मुख्य मोजणी त्यात उरकू नये, कारण नोव्हेंबरच्या आरंभी पाहुण्यांची आवक चालूच असते.

जागा आणि तिचे तुकडे

कोल्हापूरकरांना जागेसाठी दूर जावे लागत नाही. रंकाळा, कळंबा, कोटीतीर्थ, राजाराम तलाव, शिवाजी विद्यापीठाच्या साडेआठशे एकरांच्या आवारातील तळी आणि प्रयाग चिखलीपासून कसबा बावड्यापर्यंतचा पंचगंगेचा काठ, एवढ्या जागा शहराला लागूनच आहेत. नव्या गटाने यांतील एक किंवा फार तर दोन जागा घ्याव्यात. पहिल्या उत्साहात पाच तलाव हाती घेतले जातात आणि तिसऱ्या वर्षी एकही धड मोजला जात नाही, असे प्रकार पुष्कळ आढळतात.

जागा ठरल्यावर तिचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यासाठी उभे राहण्याचे ठिकाण कायमचे निश्चित करावे. रंकाळ्याच्या बाबतीत चौपाटी, पद्माराजे उद्यान, संध्यामठ आणि शालिनी पॅलेस या कुणालाही सापडणाऱ्या खुणा आहेत. कोणत्या ठिकाणाहून पाण्याचा कोणता भाग पाहायचा आणि एका तुकड्याची हद्द कुठे संपते, हे नकाशावर रेघ ओढून ठरवले म्हणजे एकच थवा दोघांच्या यादीत जात नाही. हद्दीसाठी पाण्यातील केंदाळाचा (जलपर्णीचा) पट्टा किंवा वेताचे बेट वापरू नये, कारण ते पुढच्या वर्षी तिथे असेलच असे नाही. पायऱ्या, कठडा, इमारतीचा कोपरा, जुने झाड अशा स्थिर वस्तू घ्याव्यात.

ठिकाणे ठरवताना उजेडाचा विचार अवश्य करावा. सकाळी शहराच्या बाजूच्या पूर्व काठावर उभे राहिले की सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. पश्चिम काठावरून त्याच वेळी पाहिल्यास सगळेच पक्षी काळे भासतात आणि वारकरी पक्षी कोणता व पाणकोंबडी कोणती हा निवाडा अंदाजावर जातो. पश्चिमेकडील तुकडा मोजणे भागच असेल तर तो सर्वांत शेवटी, ऊन वर आल्यावर घ्यावा आणि हाच क्रम दरवर्षी ठेवावा.

कळंब्याची गोष्ट थोडी निराळी आहे. कात्यायनीच्या डोंगराकडून येणाऱ्या पाण्यावर हा तलाव भरतो आणि पावसाळ्यानंतर पाणी जसजसे मागे सरते तसतसा उथळ चिखलाचा काठ उघडा पडतो. तुतवार, शेकाटे आणि धोबी यांना तोच काठ हवा असतो. त्यामुळे कळंब्यावर पाण्याची पातळी नोंदल्याशिवाय मोजलेल्या चिखलपक्ष्यांच्या संख्येला फारसा अर्थ राहत नाही. सांडव्याजवळच्या भिंतीवर किंवा एखाद्या दगडावर पाणी कुठपर्यंत आहे याचे एक छायाचित्र दरवर्षी त्याच कोनातून घ्यावे. या साध्या कामाला दोन मिनिटे लागतात आणि पुढे वाद उद्भवला तर तेच छायाचित्र उपयोगी पडते.

नदीचा काठ मोजणाऱ्यांनी बंधाऱ्याकडे लक्ष ठेवावे. पंचगंगेवरील राजाराम बंधारा कोल्हापूर पद्धतीचा आहे. पावसाळा सरल्यावर त्याला बरगे, म्हणजे पाणी अडवणारे लोखंडी पत्रे, घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबते, खडक व वाळूचे पट्टे बुडतात आणि त्यांवर वावरणारे तुतवार, टिटव्या, नदी सुरय खालच्या अंगाला किंवा अन्यत्र सरकतात. वरच्या अंगाला मग पाणकावळे आणि टिबुकल्या वाढतात. एका वर्षी बरगे घालण्यापूर्वी आणि दुसऱ्या वर्षी घातल्यानंतर मोजणी झाली, तर दिसणारा फरक पक्ष्यांच्या संख्येतला नसून लोखंडी पत्र्यांमुळे पडलेला असतो. म्हणून बरगे घातले आहेत की नाहीत, हे नोंदवहीच्या पहिल्याच ओळीत लिहावे.

राधानगरी अभयारण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे वन विभागाची परवानगी घ्यावी लागते, आणि दाट जंगलात बहुतेक पक्षी कानाने मोजले जात असल्याने तिथली पद्धतही वेगळी असते. तलावावर दोन-तीन वर्षे हात बसल्याशिवाय ते काम अंगावर घेऊ नये, आणि तिथले आकडे शहरातील आकड्यांशेजारी मांडू नयेत.

माणसे आणि साहित्य

एका ठिकाणी तिघे पुरेसे असतात. एकाने दुर्बिणीतून मोजावे, दुसऱ्याने लिहावे आणि तिसऱ्याने वरून उडत येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे व मागच्या झाडांकडे पाहावे. मोजणाऱ्यानेच लिहायचे ठरवले तर प्रत्येक नोंदीला त्याची नजर पाण्यावरून हटते आणि परत फिरल्यावर तो तोच थवा नव्याने मोजू लागतो. दहा-बारा जणांचा घोळका घेऊन जाणे टाळावे. पाहुण्यांना पक्षी दाखवायचे असतील तर त्यासाठी दुसरा रविवार ठेवावा. जेवढे डोळे जास्त तेवढे पक्षी जास्त दिसतात, म्हणून निरीक्षकांची संख्याही दरवर्षी सारखी ठेवावी आणि लिहून ठेवावी.

दुर्बीण आठ बाय चाळीस किंवा दहा बाय पन्नास, यांपैकी कोणतीही चालते. रंकाळ्यासारख्या विस्तीर्ण पाण्यावर तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप मिळाल्यास उत्तम, पण एका वर्षी स्कोप आणि दुसऱ्या वर्षी नुसती दुर्बीण असे होऊ देऊ नये. यांखेरीज कागद, पेन्सिल, घड्याळ आणि मराठी नावे असलेले एखादे चित्रमय पुस्तक एवढेच लागते. मोठी भिंगे घेऊन येणाऱ्या छायाचित्रकार मित्रांचा उपयोग शंकास्पद पक्ष्याचा पुरावा मिळवण्यासाठी जरूर करावा, मात्र त्यांच्या हाती मोजणी देऊ नये. चांगल्या चित्रासाठी पक्ष्याच्या जवळ जावे लागते आणि मोजणीसाठी पक्षी जागचा न हलणे आवश्यक असते, त्यामुळे ही दोन कामे एकाच काठावर एकाच वेळी सुखाने नांदत नाहीत.

ओळखताना घोटाळा होणारे पक्षी

मोजणीपूर्वी महिनाभर दर रविवारी त्याच जागी जाऊन सराव करावा. सर्व जाती पाठ करण्याची गरज नाही. जिथे हमखास गफलत होते त्या पाच-सहा गटांवर वेळ घालवावा.

बगळ्यांपासून सुरुवात करावी. छोट्या बगळ्याची चोच काळी असते आणि काळ्या पायांची बोटे पिवळी असतात. गाय बगळ्याची चोच पिवळी असते, मान आखूड असते आणि बांधा गुबगुबीत दिसतो. मध्यम आणि मोठा बगळा हिवाळ्यात दोघेही पिवळ्या चोचीचे असल्याने खरी अडचण तिथे येते. चोचीच्या सांध्याची रेघ डोळ्याखालीच थांबत असेल तर तो मध्यम आणि डोळ्याच्या मागे जात असेल तर तो मोठा, ही खूण दुर्बिणीतून दिसते. दूरवर नुसता पांढरा ठिपका दिसत असेल तर 'बगळा, जात अनिश्चित' असे लिहावे. अशी नोंद हीन मानण्याचे कारण नाही. मनाने भरलेल्या जातीपेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह असते.

पाणकावळ्यांत छोटा पाणकावळा आखूड व जाडसर चोचीचा असतो, तर भारतीय पाणकावळ्याची चोच लांब, सडपातळ आणि टोकाशी वाकलेली असते. वारकऱ्याच्या काळ्या अंगावर पांढरी चोच आणि पांढरा टिळा लांबूनही उठून दिसतो. लाल चोचीच्या पाणकोंबडीच्या कुशीवर पांढरी रेघ असते आणि जांभळी पाणकोंबडी आकाराने दोघींहून मोठी असते. मात्र केंदाळात शिरली की तिचे फक्त डोके दिसते.

तुतवारांचे तीन प्रकार नेहमी भेटतात. सामान्य तुतवाराच्या छातीची पांढरी कड खांद्यापाशी पंखापुढे वर चढलेली दिसते आणि त्याचा पार्श्वभाग सतत खालीवर होत असतो. हिरवा तुतवार वरून गडद असतो आणि उडाला की त्याचा पांढराशुभ्र कमरेचा भाग लखकन दिसतो. ठिपकेदार तुतवाराच्या पाठीवर बारीक ठिपके, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई आणि पाय पिवळसर असतात. धोब्यांत करड्या धोब्याची पाठ करडी व शेपटीखालचा भाग पिवळा असतो, पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट असते, आणि पांढऱ्या भुवईचा धोबी आपला बारमाही रहिवासी आहे. हिवाळ्यातील पिवळ्या धोब्याची पिल्ले इतकी फिकट असतात की अनुभवी माणूसही त्यांना नाव देताना थांबतो. तिथे थांबणेच योग्य.

बदकांपैकी हळदीकुंकू बदक वर्षभर इथेच राहते. थापट्या त्याच्या फावड्यासारख्या चोचीवरून मादीसकट ओळखता येतो. भुवई बदकाचा नर सोपा, मादी अवघड. कुणी हौसेने पाण्यात सोडलेली पाळीव बदके आढळल्यास ती एकूण संख्येत मिळवू नयेत, शेऱ्यात लिहावीत.

आवाजावरून पक्षी सुचवणारे मर्लिनसारखे अॅप सरावासाठी चांगले आहे. तथापि अॅपने नाव दाखवले म्हणून नोंद करू नये. आवाज स्वतः ऐकून ओळखलेला किंवा पक्षी डोळ्यांनी पाहिलेला असेल तरच तो यादीत जावा.

प्रत्यक्ष मोजणी

जानेवारीच्या मध्यास कोल्हापुरात सूर्य सात वाजून काही मिनिटांनी उगवतो. सव्वासातला सुरुवात करून दहाच्या आत मोजणी संपवावी. त्यानंतर ऊन चढते, पक्षी सावलीत विसावतात आणि काठावरची वर्दळ वाढते. नदीकाठी अनेकदा दाट धुके असते. अशा वेळी समोरचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत मोजणी सुरू करायची नाही, आणि ठरावीक वेळेपर्यंत धुके न हटल्यास ती पुढच्या रविवारी घ्यायची, हा नियम आधीच लिहून ठेवावा. ऐनवेळी चर्चा केली की आलेल्या माणसांचा उत्साह जिंकतो आणि निम्मे पाणी न दिसताच आकडे लिहिले जातात.

ठिकाणी पोहोचल्यावर लगेच मोजू नये. पाच मिनिटे शांत उभे राहावे म्हणजे बिचकलेले पक्षी परत स्थिरावतात. मग डावीकडून उजवीकडे सावकाश दुर्बीण फिरवत एकेक जात मोजावी. बुडी मारणाऱ्या टिबुकल्या आणि पाणकावळे एका फेरीत कधीच पुरे दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी तीन फेऱ्या कराव्यात आणि तिन्हींतील सर्वांत मोठा आकडा घ्यावा. तिन्हींची बेरीज अर्थातच करू नये.

लहान संख्या एकेक करून मोजता येते. थवा शंभरापुढे गेला की आधी दहा पक्षी मोजून त्यांनी किती जागा व्यापली हे नजरेत पक्के करावे, तेवढ्या जागेचे गट मोजत पुढे जावे, आणि थवा आणखी मोठा असेल तर पन्नासाचा गट धरावा. मोठ्या थव्यांचा अंदाज माणसाकडून बहुधा कमीच लावला जातो. यावर उत्तम उपाय म्हणजे थव्याचे छायाचित्र काढून घरी पडद्यावर ठिपके देत मोजणे आणि काठावर लावलेला अंदाज त्याच्याशी ताडून पाहणे. दोन-तीन वेळा असे केले की आपण किती कमी धरतो हे ज्याचे त्याला कळते. आकडा अंदाजाचा असेल तर तसे लिहावे. 'अंदाजे ३००' हे 'पुष्कळ' या शब्दापेक्षा शंभर पटींनी बरे, आणि '२९७' अशी खोटी अचूकता दोन्हींहून वाईट.

उडणाऱ्या पक्ष्यांबाबत नियम साधा आहे. पाण्यावर शिकार करणाऱ्या भिंगऱ्या, घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार किंवा दलदल हारिण हा शिकारी पक्षी हे त्या जागेचा उपयोग करत असल्याने मोजावेत. उंचावरून सरळ निघून जाणारा बगळ्यांचा थवा वेगळ्या रकान्यात दिशेसह लिहावा. रंकाळा आणि कळंबा यांच्यात पक्ष्यांना अंतर असे फारसे नाही, त्यामुळे दोन्ही तलाव मोजायचे असतील तर एकाच सकाळी, एकाच वेळी मोजावेत आणि मोठा थवा उठल्यास समोरच्या गटाला फोन करून वेळ कळवावी.

फिरायला येणारी मंडळी हमखास जवळ येऊन "काय बघताय?" असे विचारतात. त्यांना टाळू नये, पण मोजणाऱ्यानेही उत्तर देऊ नये. ते काम लिहिणाऱ्याचे किंवा तिसऱ्याचे. रोज पहाटे त्याच वाटेने जाणारी ही माणसे कधीकधी मोलाची माहिती देतात. कालपर्यंत असलेला थवा आज कुठे गेला, हे त्यांना ठाऊक असते.

पक्षी उडवून मोजण्याची काहींना सवय असते. ती सोडावी. उडालेला थवा मोजणे सोपे वाटते, परंतु तो दुसऱ्या तुकड्यात जाऊन बसतो आणि तिथे पुन्हा मोजला जातो, शिवाय थंडीत पोट भरण्याची त्यांची वेळ वाया जाते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना बाहेर काढू नये. मृत किंवा आजारी पक्षी आढळल्यास हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसल्यास पशुसंवर्धन विभागालाही कळवावे.

ऊस, पेठा आणि संध्याकाळचे थारे

जिल्ह्यातील पक्ष्यांचा मोठा हिस्सा तलावांवर नसून शिवारात असतो, आणि इथले शिवार म्हणजे प्रामुख्याने ऊस. मोजणीचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकच असल्याने शेतातील गणना अवघड होते. उभ्या उसात पक्षी दिसत नाहीत. फड तुटू लागला की मात्र उघड्या पडलेल्या किड्यांसाठी गाय बगळे, साळुंक्या, कोतवाल, धोबी आणि कावळे तिथे गोळा होतात. पाचट पेटवले की धुराच्या कडेने कोतवाल, वेडे राघू आणि घारी किडे टिपायला येतात. अशा एका फडाशेजारून गेलेल्या गटाला दोनशे बगळे मिळतात आणि पलीकडच्या वाटेने गेलेल्याला चार. म्हणून शिवारातील मोजणी एका जागी उभे राहून न करता तीन-चार किलोमीटरच्या ठरलेल्या वाटेने चालत करावी, वाटेत किती फड तुटत होते, किती ठिकाणी पाचट जळत होते आणि किती ऊस उभा होता हे लिहावे, आणि फडावरचे पक्षी वेगळे मोजावेत. गुऱ्हाळावर थांबून रस पिण्याचा वेळ निरीक्षणाच्या वेळेतून वजा करावा, एवढेच.

माळाच्या बाजूला विजेच्या तारांवर बसलेले पक्षी मोजणे हा आणखी एक सोपा प्रकार आहे. खाटीक, वेडा राघू, कोतवाल आणि नशीब असेल तर नीलपंख तिथे मिळतात. नीलपंखाची नोंद विशेष काळजीने करावी, कारण देशभरात त्याची संख्या घटत असल्याचे दिसून आले आहे.

शहरातील चिमण्यांसाठी दहा मिनिटांची चौकमोजणी करावी. लक्ष्मीपुरीतील धान्य बाजार, शिवाजी पेठेतील एखादी जुनी गल्ली आणि नव्या वसाहतीतील एक रस्ता अशी तीन ठिकाणे घेतली तर चिमण्या आणि पारवे यांचे प्रमाण जुन्या-नव्या वस्तीत कसे बदलते हे काही वर्षांत समोर येते. चिमणी सर्वत्र संपत चालली आहे असे सरसकट बोलले जाते. देशपातळीवरील आकडेवारी मात्र तिची संख्या एकंदरीत स्थिर असून मोठ्या शहरांत ती घटल्याचे दाखवते. कोल्हापूर यात कुठे बसते, हे इथल्या माणसांनीच मोजायला हवे.

संध्याकाळी बगळे, साळुंक्या, भोरड्या आणि पोपट रात्रीच्या थाऱ्यावर एकत्र येतात. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, त्याआधी पाऊण तास जाऊन थाऱ्याच्या झाडापासून काही अंतरावर उभे राहावे. झाडात बसलेले पक्षी मोजता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाने एकेक दिशा वाटून घ्यावी आणि आत येणारेच मोजावेत. बाहेर पडणारे वजा करावेत. भोरड्यांचे मोठे थवे क्षणात आकार बदलतात, तेव्हा तिथे पन्नासाच्या गटाची पद्धत कामी येते.

नोंद, शून्य आणि आकड्यांचा अर्थ

नोंदीचा मजकूर कसा असावा याचा नमुना, ज्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पुढीलप्रमाणे : "कळंबा, सांडव्याजवळचे ठिकाण. सकाळी ७.१५ ते ७.४०. निरीक्षक तीन, दुर्बीण एक. आकाश निरभ्र, वारा नाही. काठाचा चिखल सुमारे वीस पावले उघडा. वारकरी ३५, टिबुकली ८, छोटा पाणकावळा १२, ठिपकेदार तुतवार ४, तुतवार जात अनिश्चित ३, थापट्या ०."

शेवटचे शून्य सर्वांत महत्त्वाचे आहे. दरवर्षी दिसणारा पक्षी या खेपेस शोधूनही दिसला नाही, तर ते लिहिलेच पाहिजे. नुसता रकाना रिकामा ठेवला तर पुढच्या माणसाला पक्षी नव्हता की पाहायचे राहून गेले, हे कळायला मार्ग उरत नाही. याच कारणासाठी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना तुम्ही ओळखू शकलेल्या सर्व जाती या यादीत आहेत का, असा प्रश्न येतो. फक्त आवडलेल्या पक्ष्यांची यादी केली असेल तर तिथे 'नाही' म्हणावे. सर्व नोंदवले असतील तर 'होय' म्हणावे, कारण अभ्यासकांना न दिसलेल्या जातींचा हिशेब पुऱ्या यादीतूनच करता येतो. प्रत्येक ठिकाणाची स्वतंत्र यादी भरावी. सगळ्या तलावाची एकच मोठी यादी केल्यास जागेचा तपशील हरवतो.

एखाद्या दुर्मीळ पक्ष्याची नोंद परीक्षकाने प्रश्न विचारून परत पाठवली तर रागावू नये. छायाचित्र किंवा लिखित वर्णन द्यावे, तेही नसेल तर नोंद मागे घ्यावी. दुर्मीळ पक्ष्यामागे अर्धी सकाळ घालवून नेहमीचे वारकरी मोजायचे राहिले, तर त्या सकाळची गणना वाया गेली असेच म्हणावे लागते.

आता या आकड्यांतून काय काढता येते ते पाहू. एका वर्षी रंकाळ्यावरील बदके निम्म्यावर आली म्हणून तलाव मेला असे जाहीर करण्याची घाई करू नये. पाऊस चांगला झाला असेल तर गावोगावची तळी आणि खाणी भरलेल्या असतात आणि बदके त्यांवर विखुरतात. तुटीच्या वर्षी उरलेल्या पाण्यावर ती दाटी करतात, त्यामुळे आकडा फुगतो. केंदाळ वाढले की उघड्या पाण्यावर पोहणाऱ्या बदकांची जागा घटते, परंतु जांभळ्या पाणकोंबड्यांना आडोसा मिळतो. केंदाळ काढले की उलट घडते. पाच वर्षांच्या आकड्यांनी कल दिसू लागतो आणि दहा वर्षांनी त्यावर बोलता येते, तेही पाण्याची पातळी, केंदाळाचा विस्तार आणि पाऊस या नोंदी शेजारी ठेवूनच.

लहान तलावांच्या याद्या मोठ्या चित्रात कुठे बसतात, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. रामसर करारानुसार एखाद्या पाणथळीवर नियमितपणे वीस हजार पाणपक्षी किंवा एखाद्या जातीच्या समूहाचे एक टक्का पक्षी असतील, तर ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. महाराष्ट्रातून नांदूर मध्यमेश्वरला असा पहिला दर्जा मिळाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. कोटीतीर्थ त्या पंक्तीला बसणार नाही हे उघड आहे. पण एखाद्या जातीचे एक टक्का म्हणजे किती पक्षी, हे ठरवण्यासाठी तिची एकूण संख्या माहीत असावी लागते आणि ती अशाच शेकडो लहान-मोठ्या जागांच्या बेरजेतून येते. भारतातील पक्ष्यांच्या सद्यस्थितीवरील २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि त्यांपैकी १७८ जातींना संवर्धनासाठी उच्च प्राधान्य देण्यात आले. त्याचा आधार होता तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी पाठवलेल्या सुमारे तीन कोटी नोंदी. उघड्या माळरानांचे पक्षी, शिकारी पक्षी, बदके आणि स्थलांतरित चिखलपक्षी यांची घट त्यातून समोर आली, तर पारवा, मोर, कोकीळ अशा कुठेही जुळवून घेणाऱ्यांची वाढ.

स्थानिक पातळीवर या वहीचा उपयोग तलावाकाठच्या कामांच्या वेळी होतो. प्रखर दिवे कुठे लावावेत, केंदाळ कोणत्या महिन्यात काढावे, उथळ काठाला दगडी भिंत घालावी की तो तसाच ठेवावा, अशा प्रश्नांवर महापालिकेला निवेदन देताना पक्षीप्रेमाच्या चार वाक्यांपेक्षा सलग वर्षांचा तक्ता अधिक वजनदार ठरतो. तो तक्ता देताना मोजणीची पद्धतही जोडावी, नाहीतर पहिल्याच बैठकीत त्यावर शंका घेतली जाते.

मोजणी संपल्यावर आठ दिवसांच्या आत सर्व गटांनी एकत्र बसून कागद व ई-बर्डवरील याद्या पडताळाव्यात, कारण त्यानंतर पुसट पेन्सिलीतील सात आणि एक यांतला फरक कुणालाच आठवत नाही. मूळ कागद फेकून देऊ नयेत. त्यांची छायाचित्रे, तुकड्यांचा नकाशा, उभे राहण्याच्या ठिकाणांच्या खुणा आणि ठरलेले नियम यांची एक प्रत गटप्रमुखाव्यतिरिक्त आणखी दोघांकडे ठेवावी, आणि पुढच्या जानेवारीतील रविवारची तारीख त्याच बैठकीत वहीत लिहून घ्यावी.